काजळीने पान्हा चोरला

तांबडगडच्या राजाची काजळी म्हैस तीन दिवस पान्हा चोरत होती. कास भरलेली असायची, पण कुणी धार काढायला बसलं की बाई सगळं दूध वर ओढून घ्यायची. पारडू सोडून पाहिलं, सरकीचं आंबोण पुढे ठेवून पाहिलं, तीन गडी बदलून पाहिले. तिघेही लाथा खाऊन परतले. इकडे राजा रणधवलाला रोज सकाळी धारोष्ण दुधाचा पेला लागायचा, त्याशिवाय त्याचं डोकं ठिकाणावर येत नसे.

राजा तसा वाईट नव्हता. पण एक खोड होती. जो जे काम करी, त्याला तेच काम तो समजावून सांगे. आचाऱ्याला फोडणी, माळ्याला खुरपणी, न्हाव्याला वस्तरा! आणि वर, "सोपं आहे रे, पण तुला काय कळतंय!" चार दिवसांपूर्वी त्याने कोंडाजी गवळ्याला धार काढायला शिकवलं. चाळीस वर्षं धारा काढून कोंडाजीच्या तळहातांना घट्टे पडलेले. "अंगठा आत घे, असा!" हे घटकाभर सगळ्या गड्यांदेखत ऐकून तो "जी महाराज" म्हणाला. "मठ्ठ आहेस, उद्यापासून येऊ नको," हे ऐकूनही "जी महाराज"च म्हणाला आणि घरी गेला.

आता राजाने त्याला पुन्हा बोलावून घेतलं.

"म्हशीवर करणी तूच केलीस, कोंड्या. उद्या सकाळी सगळ्यांसमोर तिने चरवीभर दूध दिलं पाहिजे. आणि तू किंवा तुझ्या घरच्या कुणी तिला हात लावायचा नाही. जमलं नाही तर गवळवाड्याचं कुरण गेलं समज."

कुरण गेलं तर वाड्यावरची शंभर जनावरं काय दगड खाणार? कोंडाजी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. त्याची लेक ठकू गोवऱ्या थापत होती. हकिकत ऐकून ती हात धुऊन जवळ बसली.

"आबा, काजळीला नक्की लागतं तरी काय?"

"गोड शब्द लागतो, दुसरं काय! मी बसलो की आधी तिची विचारपूस करायचो. आता महाराजांच्या गोठ्यात गोड बोलणारा माणूस आणायचा कुठून?"

"आणायला कशाला हवा? आहे त्यालाच शिकवू की," ठकू म्हणाली.

ते ऐकून कोंडाजीची उरलीसुरली झोपही उडाली.

सकाळी राजवाड्याच्या चौकात काजळीला बांधलं होतं. प्रधान, सरदार, गवळवाड्यातली माणसं, सगळे जमले होते. ठकूने रिकामी चरवी आणून राजाच्या पायाशी ठेवली.

"महाराज, आम्ही हिला हात लावायचा नाही. तुमच्या गड्यांना ही जवळ येऊ देत नाही. मग राहिलं कोण? धार कशी काढायची हे तर आमच्या आबांना तुम्हीच शिकवलंत!"

एवढ्या लोकांसमोर राजाला मागे फिरता येईना. "सोपं तर आहे," म्हणत त्याने बाह्या सावरल्या आणि उभ्यानेच वाकून कासेला हात घातला. काजळीने चरवी उडवली, ती थेट प्रधानाच्या नडगीवर बसली.

"तिला कळत नाही, महाराज," ठकू कळवळून म्हणाली. "जरा समजावून सांगा."

राजाने समजावलं. "हे बघ म्हशी, दूध देणं सोपं असतं. पण तुला काय कळतंय!" काजळीने शेणाने माखलेलं शेपूट फिरवलं आणि राजाची उजवी मिशी हिरवी केली. सरदारांनी शेले तोंडात कोंबले.

राजाने मिशी पुसली, तरी ती हिरवीच राहिली. "मग करू तरी काय?"

"मला काय कळतंय, महाराज? ज्याला कळतं तो तिकडे उभा आहे."

गर्दीच्या मागे कोंडाजी उभा होता. राजाने घसा खाकरला, एकदा तोंड उघडून मिटलं. मग म्हणाला, "कोंडाजी, कसं करायचं, सांगाल का?"

चाळीस वर्षांत त्या राजवाड्यात कोंडाजीला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"आधी खाली बसा, महाराज. उकिडवे. कपाळ तिच्या कुशीला टेका. आता विचारा, कशी आहेस. आणि विचारून लगेच पुढं बोलू नका. तिचं ऐका."

राजाने मंदील काढून प्रधानाकडे दिला आणि बसला. "काजळे, कशी आहेस गं?" काजळीने कान हलवला. राजा थांबला. मग हळूच म्हणाला, "तुझ्या माणसाला मी घालवलं. चुकलंच माझं." म्हशीने एक लांब सुस्कारा टाकला, रवंथ सुरू केला आणि पान्हा सोडला. पहिली धार राजाच्या बाहीत गेली, दुसरी चरवीत. बघता बघता फेस काठाला आला.

"पोरी, खरं सांग," राजा घाम पुसत म्हणाला, "या म्हशीला तुम्ही काय शिकवून ठेवलंय?"

"काही नाही, महाराज. पान्हा काय एकटी काजळी चोरते? तुमचा आचारी चोरतो, माळी चोरतो, हे प्रधानजीही चोरतात. ज्याच्यापाशी जे चांगलं आहे, ते तो वर ओढून घेतो आणि 'जी महाराज' म्हणतो. काजळीला लाथ मारता येते, आम्हाला येत नाही, एवढाच फरक!"

कुरण गेलं, असं समजून कोंडाजीने डोळे मिटले.

"प्रधानजी, ही म्हणते ते खरं?"

"जी महा..." प्रधान म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

राजा हिरव्या मिशीसकट खदाखदा हसला. कुरण गवळवाड्याला कायमचं दिलं, कोंडाजीला मानाने गोठ्यावर परत घेतलं. मग ठकूकडे वळून सवयीने म्हणाला, "आणि पोरी, तुला काय कळ..." थांबला. पुन्हा म्हणाला, "तुला काय हवं?"

"आजचा पहिला पेला आमच्या आबांना."

राजाने स्वतः पेला भरून कोंडाजीच्या हातात दिला आणि विचारलं, "जमली का हो धार?"

कोंडाजीने सावकाश पेला संपवला, मिशीचा फेस पुसला.

"पहिल्या दिवसाच्या मानाने बरी. उद्या फक्त अंगठा बाहेर ठेवा. सोपं आहे, महाराज!"

राजा इतका मोठ्याने हसला, की काजळीने रवंथ थांबवून मागे वळून पाहिलं.