सोनसळी आणि मळका स्पंज

घरोघरी काचेच्या पेटीत मासे पाळायची हौस नुकतीच शिरली होती, तेव्हाची ही गोष्ट. कुमुदबाईंच्या नव्या पेटीत सोनसळी नावाची मासोळी आली आणि तिच्याबरोबर दुकानातल्या जुन्या पेटीतला स्पंजही आला. पाणी गाळायच्या नळीला तो लावलेला होता, काळपट आणि बुळबुळीत.

सोनसळीचा ताठा काय सांगावा! "पाहुणे मला बघायला येतात आणि कोपऱ्यात हे ध्यान! आंघोळ कर की रे मेल्या."

"माझ्या मळात बारके जीव राहतात, बाई," स्पंज म्हणाला. "तुझ्या घाणीचं विष तेच खातात. ते गेले तर तुझं काही खरं नाही."

"मळाचंही कौतुक!" म्हणत तिने स्पंजला शेपटीचा असा फटका मारला की मळ उडून सगळं पाणी गढूळ झालं. कुमुदबाईंनी लगेच स्पंज उपसला, नळाखाली खसाखसा चोळला आणि पांढराशुभ्र करून परत लावला.

सोनसळी खूप मिरवली. मग तिचे कल्ले चुरचुरू लागले. पाण्याला ना रंग, ना वास, तरी प्रत्येक श्वास आग लावून जाई. पळावं तिकडे काच. घाबरून ती स्पंजला बिलगली. "अरे दादा, त्या जीवांना हाक मार ना!"

"कुणाला हाक मारू?" स्पंज पुटपुटला. "घर रिकामं आहे."

श्वासासाठी तडफडत सोनसळी वर आली. बाहेर कुमुदबाई शेजारणीला सांगत होत्या, "पाणी बघा, कसं आरशासारखं! आणि ही बघा, आनंदाने कशी नाचतेय."