उंबऱ्यावरचं नाव

कोकणातल्या एका गावात बायकांचा बचत गट कोकमाचं आगळ विकायचा. गिऱ्हाइकांचे पैसे मोबाइलवरच्या खात्यात यायचे, आणि तो मोबाइल यमुनाच्या ताब्यात असायचा. त्या साली सगळ्याजणींनी ठरवलं, की जमलेल्या पैशांतून सुंद्राकाकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं. काकूंना आता माणसं नुसती सावलीसारखी दिसत होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ईमेल आला. वर पैशांची देवघेव करणाऱ्या कंपनीचं चिन्ह, खाली मजकूर: ‘प्रिय ग्राहक, तुमचे खाते आज बंद होईल. खाली दाबा आणि पिन भरा.’

यमुनाने मजकूर वाचला. गावचे पुढारी आप्पासाहेब तिथंच बसले होते. ते गरजले, "बघत काय बसलीस? वरून हुकूम आलाय, भर पिन!"

यमुनाने मजकूर पुन्हा सावकाश वाचला. "आप्पासाहेब, यात आपल्या गटाचं नाव कुठंच नाही."

"नाव कशाला हवं? कंपनी काय उंबऱ्यावरची नवरी आहे, नाव घ्यायला?"

"नवरी तर जन्माची आपली होऊन येते," यमुना शांतपणे म्हणाली, "तरी नाव घेतल्याशिवाय तिला आपण आत सोडत नाही. मग ज्याला आपलं नावही ठाऊक नाही, त्याच्या हातात तिजोरीची किल्ली कशी देऊ?"

यमुनाने ईमेल तसाच सोडून नेहमीचं अ‍ॅप उघडलं. खातं सुरू होतं, पैसे जागेवर होते.

ऑपरेशन झालं, काकूंची पट्टी सुटली. डॉक्टरांनी विचारलं, "समोर कोण आहे?"

काकूंनी डोळे भरून पाहिलं आणि नाव घेतलं, "यमुना."