कॅसेट उलटायची वेळ

“...पण एवढी उठबस कशाला करायची, बाबा?”

वैजनाथने विचारलं तेव्हा सोमगीर बाबा टेपमधली कॅसेट उलटत होते. ती उलटून झाल्यावर ते खाटेकडे वळले आणि दौलतगीरांना डाव्या कुशीवर केलं.

दौलतगीर त्यांचे गुरुबंधू. चार वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून वाचा नाही, हातपाय हलत नाहीत. दोघांच्या गुरूंची प्रवचनं कॅसेटींवर होती, ती मठात दिवसभर चालत. एक बाजू संपली की जो जवळ असेल त्याने कॅसेट उलटायची आणि दौलतगीरांची कूस बदलायची, अशी रीत पडून गेली होती.

वैजनाथ शहरात शिकलेला. मठात येऊन त्याला महिना झाला होता. त्याने खिशातून काडेपेटीएवढी डबी काढली. सगळ्या बावन्न कॅसेटी हिच्यात भरल्यात, म्हणाला. खरखर काढून टाकली. फीत अडकायची, तुटायची भानगड नाही. सकाळी लावली की संध्याकाळपर्यंत कोणाला उठावं लागत नाही.

“उठावं लागत नाही...” बाबा म्हणाले.

“एकदासुद्धा नाही.”

बाबांनी डबी हातात घेऊन पाहिली आणि त्याला परत दिली.

दुसऱ्या दिवशी बाबा औषध आणायला तालुक्याला गेले. खाटेपाशी वैजनाथला बसवलं. महिनाभर कॅसेट उलटणं, कूस बदलणं तो करत आला होता, म्हणून वेगळं काही सांगितलं नाही.

परतले तेव्हा उन्हं उतरली होती. गुरूंचा आवाज दारापर्यंत स्वच्छ येत होता.

“बघा बाबा, सकाळपासून अखंड चाललंय,” वैजनाथ म्हणाला. “दौलतबाबांच्या डोळ्यांना धार लागलीय. इतका भाव दाटलेला मी कधी पाहिला नाही.”

बाबा खाटेजवळ गेले. दौलतगीर सकाळच्याच कुशीवर होते. बाबांनी त्यांना हळूच वळवलं. खुब्यावर तळहाताएवढी कातडी लाल झाली होती. एका जागी सोलली होती.

वैजनाथने डबी बंद केली.

बाबांनी कोमट पाण्याने ती जागा पुसली. फुंकर घालत राहिले.

“दुखलं ना रे, दौल्या... मला यायला उशीर झाला.”

वैजनाथने टेप पुढे ओढला. त्यात कॅसेट घालू लागला. डबी फेकून देतो म्हणाला, कॅसेटच बरी होती.

बाबांनी कॅसेट त्याच्या हातातून घेतली. फीत जागोजागी चुरगळली होती.

“ही अजून किती दिवस वाजेल?”

“...फार नाही.”

बाबांनी ती फळीवर ठेवली आणि डबीची कळ दाबली. आवाज आला. दौलतगीरांनी डोळे मिटले.

वैजनाथ खाटेपाशी आला.

“मग कूस कधी बदलायची, ते मला कसं कळणार, बाबा?”

बाबांनी त्याचा हात धरला आणि दौलतगीरांचं तोंड होतं त्या बाजूला त्याला बसवलं.

“त्याच्याकडे बघून.”