कातळोलीचा उलटा खांब

कातळोलीच्या जाखमातेच्या देवळात बारा लाकडी खांब आहेत. अकरा खांबांवरची कमळं वर उमललेली. बारावा, देवीच्या उजव्या हाताचा, उलटा आहे. त्याच्यावरचं कमळ जमिनीकडे पाहतं, आणि कमळाखाली असायला हवेत ते दोन हत्ती कमळाच्या वर, चारही पाय छपराकडे करून आहेत.

आम्ही गेलो तेव्हा माझी मुलगी आठ महिन्यांची होती. तिला खांबापाशी न्यावं की नाही, हे मला ठरवता येईना. एक मन म्हणे लाकडाचा काटा रुतेल, दुसरं म्हणे मग एवढ्या लांब आलीस कशाला. देवळाची माहिती सांगणाऱ्या दाजी मेस्त्रींनी माझ्या मनाची वाट पाहिली नाही. तिला घेतलं आणि तिचा तळवा खांबाला टेकवला.

"साग आहे गो. काही करत नाही," ते म्हणाले. दाजी ऐंशीला टेकलेले, जन्मभर सुतारकाम केलेले. त्यांनी सांगितलेली ही गोष्ट. पुस्तकात कुठे सापडते का ते मी शोधलं, सापडली नाही. म्हणून जशी ऐकली तशी लिहिते.

दाजींनी सुरुवात लाकडापासून केली. झाड उभं आहे तोवर त्याला झाडाचं नाव. पडलं की ओंडका. पुढे जसं काम तसं नाव. छपराखाली गेली ती तुळई, दारात पडला तो उंबरठा, शेतात नांगर, पाण्यात होडी, बाळाखाली पाळणा. सगळ्यांच्या शेवटी सरण, आणि त्यानंतर नाव नाही. यातला खांब तेवढा असा, की त्याला लाकूड झाल्यावरही झाडासारखंच उभं राहायचं असतं. म्हणून खांबाचा बुंधा खाली, शेंडा वर. "उलटा खांब म्हणजे झाडाला डोक्यावर उभं करणं. ज्या मेस्त्र्याच्या हातून ते झालं, त्याला पुन्हा कुणी घराचं काम देत नाही. पूर्वी तर नाहीच."

फार पूर्वी, हे देऊळ उभं राहत होतं तेव्हा, गावात धाकोजी नावाचा मेस्त्री होता. डोळे बांधून ओंडक्यावरून हात फिरवला तरी बुंधा कुठला आणि शेंडा कुठला ते तो सांगायचा, असं म्हणतात. त्याच्या हातचा खांब पाहायला घाटावरून माणसं यायची. जमीन नव्हती, गुरं नव्हती. होतं ते एवढं नाव.

लग्नानंतर नऊ वर्षांनी त्याची बायको आवडी गरोदर राहिली. देवळाचे अकरा खांब उभे झाले, बारावा तेवढा राहिला, आणि आवडीला कळा सुरू झाल्या. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपार कलायला आली तरी सुटका होईना. तेव्हा बायजा सुईण हात पुसत बाहेर आली.

"धाकोजी, पोर उलटं आहे. पाय खाली, डोकं वर. फिरवून पाहिलं, फिरत नाही."

"मग?"

"मग काय? देवीला हाक मार. माझे हात थकले."

धाकोजी उठला आणि देवळाकडे गेला. बारावा खांब मांडवात आडवा पडला होता. नक्षीला धक्का लागू नये म्हणून सगळा पेंढ्याने गुंडाळलेला. देवळात दुसरं कुणी नव्हतं. अजून स्थापना व्हायची होती त्या देवीच्या मूर्तीपुढे उभा राहून तो म्हणाला म्हणे, "माझ्या घरात आज काहीतरी उलटं व्हायचंच असेल, तर ते माझ्या हातून होऊ दे. तिच्या पोटात नको. आणि मी हे तोंडाने कुणाला सांगणार नाही." ऐकायला कुणी नव्हतं, तर हे कळलं कसं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मुलगी दाजींच्या खांद्यावर झोपत होती, त्यामुळे गप्प बसले.

तासभर त्याची करवत आणि पटाशी चालू होती. मग त्याने ओझी उचलणारी माणसं बोलावली, दोर लावले, आणि खांब उभा केला. पेंढा अंगावर असल्यामुळे कुणाला काही कळलं नाही. वर तुळई बसली, आणि तेवढ्यात त्याच्या घराकडून आरोळी आली. बायजाने पाय धरून पोर बाहेर ओढलं होतं. मुलगी. पायाळू. आई जगली, मुलगी जगली. तिचं नाव येसू ठेवलं.

चार दिवसांनी देवीची स्थापना. भटजी आले, गाव जमला, आणि खांबावरचा पेंढा कापला. कमळ खाली, हत्तींचे पाय वर.

"धाकोजी, हे काय?" विसाजी खोताने विचारलं.

"चुकलं."

"तुझ्या हातून?"

"हो. चुकलं."

छपराचा भार खांबावर आलेला, मुहूर्त टळत चाललेला. पुढे बघू म्हणून खांब तसाच राहिला. त्या दिवसानंतर धाकोजीला खांबाचं काम कुणी दिलं नाही, तुळईचं नाही, साध्या गोठ्याचंही नाही. तो पाट करी, पोळपाट, ताकाच्या रव्या, पाळणे करी. पोळपाटाला बुंधा नसतो आणि शेंडाही नसतो, त्यामुळे ते त्याच्याकडून घ्यायला लोकांची हरकत नव्हती. वाटेने जाताना कुणी तरी हाक मारीच, "काय उलटे मेस्त्री, आज पोळपाट सुलटा का?"

सगळ्यात जास्त बोलली आवडी. "बारांतला एक बघता आला नाही तुम्हाला? उद्या पोरीला कोण करून घेईल? उलट्याची लेक म्हणतात तिला."

"चुकलं म्हटलं ना."

अठरा वर्षं हे चाललं. मग छपराची कौलं उतरवायची वेळ आली, तेव्हा आता खांब सरळ करून घेऊ म्हणून खोतांनी घाटावरून एक मेस्त्री आणला. त्याने तुळईला टेकू लावले, खांब वीतभर उचलला, खालची बाजू चाचपली, मग शिडीवर चढून वरची पाहिली. पुन्हा खाली वाकला. सरळ उभा राहिला तेव्हा त्याने हत्यार खाली ठेवलं.

"हा कुणी बसवला?"

लोक हसले. पायरीवर बसलेल्या धाकोजीकडे बोटं गेली.

"वर तुळईत जायची खुंटी शेंड्याला आधीच काढून तयार होती. ती खाली दगडात घातली आहे," तो मेस्त्री म्हणाला. "आणि वर बुंध्याला नवी काढली आहे. अशी बसली आहे की केस शिरणार नाही. चुकणारा माणूस उलटा खांब बसवील, पण त्यासाठी नवी खुंटी कोरत बसणार नाही. हे चुकलेलं काम नाही. मी याला हात लावणार नाही."

गर्दीत म्हातारी बायजा होती. ती म्हणाली, "मी बाहेर येऊन याला सांगितलं ना, पोर उलटं आहे म्हणून. हा तसाच उठून गेला. त्याच दुपारी उभा केलाय हा."

आवडी खांबाशी गेली. अठरा वर्षं ती बाकीच्या अकरा खांबांना हात लावायची, याला टाळून जायची. आता तिने दोन्ही हात त्यावर ठेवले. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. त्या मेस्त्र्याला म्हणाली, "टेकू काढा. आहे तसा बसू दे."

पायरीवरून धाकोजी म्हणाला, "चुकलं होतं गो ते."

"बरं," आवडी म्हणाली. "चुकलं तर चुकलं."

आजही कातळोलीत कुणाच्या बायकोला कळा सुरू झाल्या की तो माणूस आपल्या हातचं एक काम जाणूनबुजून बिघडवतो. गवंडी एक पायरी वाकडी लावतो. शिंपी सदऱ्याचा खिसा पाठीवर शिवतो. मागच्या वर्षी शाळेतल्या गुरुजींनी फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं आणि दिवसभर पुसलं नाही. पाहील त्याने हसायचं, बोल लावायचा. करणाऱ्याने एवढंच म्हणायचं, चुकलं. कारण कुणी विचारत नाही. टिकाऊ काम असेल तर ते पुन्हा कधी दुरुस्तही करत नाहीत. नवख्या माणसाला वाटतं, या गावात कुणालाच धड काम येत नाही.

मी विचारू नये ते विचारलंच. "आणि एवढं करूनही मूल वाचलं नाही तर?"

"तरी दुरुस्त करत नाहीत," दाजी म्हणाले. झोपलेली मुलगी त्यांनी सांभाळून माझ्याकडे दिली. "माझ्या घरात दोन आहेत. एक खिडकी, ती नीट मिटत नाही. आणि एक पाट, तो डुगडुगतो. खिडकीवाला पुण्याला नोकरीला आहे."

पाट ते आजही रोज जेवायला घेतात.