चालून लिहिलेली ओळ

फार पूर्वी एका डोंगराळ मुलखात एक पाहणीदार राहत असे. कोणाच्या रानात काय पेरलंय ते डोळ्यांनी बघायचं आणि सरकारी वहीत लिहायचं, एवढंच त्याचं काम. पण बांध होते सातशे आणि गुडघे होते दोन, तेही कुरकुरणारे.

एका वर्षी राज्यात तेलाचा तुटवडा पडला. राजाने दवंडी पिटवली, "जो करडई पेरेल, त्याला होळीनंतर अनुदान!" पण करडई म्हणजे अंगभर काटे. कोण काढत बसणार? गावाने आपली नेहमीची ज्वारीच पेरली. पाहणीदार आला, तसं त्याला पारावर बसवून गार ताक पाजलं.

"तात्या, उन्हाचं कुठं हिंडता? बसा इथंच. लिहा, करडई."

"सगळ्यांचीच?"

"मग काय! राजा थोडाच बघायला येतोय? आमचंही भलं, तुमच्या गुडघ्यांचंही भलं."

पाहणीदाराने उन्हाकडे बघितलं, मग गुडघ्यांकडे. आणि तो लिहीत गेला. दुपारपर्यंत सगळा शिवार करडईचा झाला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याचे पाय दुखले नाहीत.

तो वही मिटणार, तेवढ्यात ओढ्यापलीकडची आक्का पुढे आली. "माझं रान बघितल्याशिवाय लिहू नका, तात्या."

"अगं, तुझीही करडईच लिहितो की."

"मी ज्वारी पेरलीय. उद्या कुणी विचारलं, तर करडई कुठून आणू?"

पारावर हशा पिकला. "लक्ष्मी टिळा लावायला आलीय आणि आक्का निघाली तोंड धुवायला!"

पाहणीदार मनातल्या मनात तिला शिव्या देत उठला. ओढा ओलांडला, बांधावर दोनदा टेकला, रान बघितलं आणि लिहिलं, 'ज्वारी. पाहिली.'

माघ सरता सरता गारा पडल्या. अर्ध्या घटकेत उभी पिकं आडवी झाली. नुकसानीची मदत द्यायला राजाचा अंमलदार घोड्यावरून आला. घोडा खिंकाळला तसा पाहणीदार दचकलाच. लोक त्याच्या कानाशी लागले, "तात्या, ठणकावून सांगा, करडईच होती. गारांनी पार मातीत घातली."

अंमलदार रानातून फिरून पारावर आला. त्याने आपलं धोतर झटकलं.

"करडईच्या इतक्या रानांतून हिंडलो, पण धोतराला एक काटा लागला नाही. पाहणीदार, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं होतं?"

सगळं गाव पाहणीदाराच्या तोंडाकडे बघत होतं. तो फार थकला होता. एक खोटं सांभाळायला आता आणखी किती खोटी बोलावी लागतील, या विचारानेच त्याला धाप लागली.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "यातली आक्काची ओळ मी चालून लिहिलीय. बाकीच्या बसून."

अंमलदाराने वही मिटली. "मग ऐका. करडईचं नुकसान झालेलं नाही, कारण करडई नव्हतीच. आणि तुमच्या ज्वारीची मदत देता येत नाही, कारण ती वहीत नाही. मदत एकाच रानाला मिळेल, आक्काच्या. आणि करडईचं अनुदान रद्द."

"आणि मी?" पाहणीदाराने हळूच विचारलं.

"तुम्ही खरं बोललात. काम राहील. पण यापुढे चालायचं."

पुढल्या हंगामात पाहणीदार काठी टेकत उजाडतानाच निघाला. प्रत्येक बांधावर त्या त्या रानाचा धनी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. पाणी सगळ्यांनी दिलं. "बसा" मात्र कोणी म्हणालं नाही.

तात्पर्य: सोयीसाठी लिहिलेलं खोटं अडचणीत साक्षीला उभं राहत नाही.