हिरव्या मिशीचा पखाली

घोणशेतची शाळा दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडते, त्या दिवशी वर्गात सोंग येते. गावातलेच कोणी बाईमाणूस एखादे गोष्टीचे पुस्तक निवडते, त्यातले पात्र बनते आणि न विचारता वर्गात शिरते. कधी राणी येते, कधी दर्यावर्दी, कधी बोलणारा उंट. पात्र कोणतेही असो, त्याच्या ओठावर हिरवी मिशी काढलेली असते. राणीलाही मिशी, उंटालाही मिशी. बाहेरून आलेले पाहुणे ते पाहून हसतात. मग शाळेच्या ओट्यावर बसलेले भिवाआप्पा त्यांना जवळ बोलावतात, पाणी देतात आणि ही हकीकत सांगतात.

इनामदारीच्या काळातली ही गोष्ट. घोणशेतात तेव्हा त्र्यंबकराव इनामदारांचा शब्द चाले. त्यांची मोठी बारव होती. उन्हाळा लागला की बारवेच्या दाराला कुलूप पडे. पाणी मोसंबीच्या बागेला जाई आणि गावातल्या बाया नदीच्या कोरड्या पात्रात झरे खणून वाटीवाटीने घागर भरत.

शाळेमागच्या निंबाखाली भिकाजी बहुरूप्याचे बिऱ्हाड होते. भिकाजी उभी हयात सोंगे घेऊन गावोगाव हिंडला, पण पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि बिऱ्हाड तिथेच टेकले. त्याची बायको सगुणा. नवऱ्याची सोंगे तिनेच शिवली होती, रंग तिनेच खलले होते, त्याची सगळी बोलणी तिला पाठ होती. स्वतः मात्र तिने कधी सोंग घेतले नव्हते. बायकांनी सोंग घ्यायची रीतच नव्हती. ती शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसून लोकांच्या वाकळा शिवी आणि पोट चालवी.

शाळेत केशव मास्तर होते. शाळा सुटायच्या आधी ते मुलांना एक पुस्तक थोडे थोडे वाचून दाखवत. खिडकी उघडी असे. सगुणेला अक्षर येत नव्हते, पण ऐकता ऐकता तिची सुई थांबायची. ती गोष्ट होती दौलत पखाल्याची. एका राजाने नदीला कुलूप घातले होते, म्हणे, आणि दौलत नावाचा मिशाळ पखाली डोंगरापलीकडून पाठीवरच्या कातडी पखालीत पाणी भरून आणी आणि तहानलेल्या गावांना पाजी. एके दिवशी तो राजा शिकारीत वाट चुकला. घसा कोरडा पडलेला, आणि समोर दौलत. राजा म्हणाला, पाणी दे. दौलतने पखालीच्या तोंडाला हात घातला. इतके वाचून झाले आणि शाळेची घंटा झाली.

त्याच संध्याकाळी इनामदारांची घोडी पारापाशी आली. तिथे मुले खेळत होती. त्यातल्या एका मुलीने सरळ वर पाहून विचारले, "दौलत पखाली आला तर तुम्ही त्याला बारवेत सोडाल का?"

इनामदारांनी घोडी वळवली. दुसऱ्या दिवशी त्यांची माणसे शाळेत आली. गोष्टीची होती नव्हती ती सगळी पुस्तके उचलून त्यांनी चावडीतल्या कपाटात कोंडली आणि कुलूप घातले. मास्तरांना सांगणे आले की पोरांना पाढे शिकवा, सही शिकवा, बाकी काही नको. मास्तरांच्या घरी खाणारी तोंडे बरीच होती. त्यांनी मान खाली घातली आणि पाढे सुरू केले.

सगुणा भिंतीशी वाट पाहत राहिली. आतून फक्त पाढे ऐकू येत होते. घरी येऊन तिने भिकाजीची पेटी उघडली.

"काय करतीस?" भिकाजीने विचारले.

"दौलतचं सोंग शिवते."

"कुणाला?"

"मला."

"बाईनं सोंग घेतलेलं कुठं ऐकलंय?"

"आणि दौलतनं कपाटात कोंडून घेतलेलं कुठं ऐकलंय?" सगुणा म्हणाली.

भिकाजीने पागोटे मागून घेतले आणि ते कसे बांधायचे ते दाखवू लागला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी वर्गाच्या दारात एक पखाली उभा राहिला. पाठीवर पखाल, डोक्याला तांबडे पागोटे, ओठावर काजळाची जाड मिशी. "मी दौलत," तो म्हणाला, "तुमचे मास्तर मला राजापुढं उभा करून निघून गेले. माझी पाठ अवघडली." मास्तरांच्या हातातला खडू तसाच राहिला. पखाल्याने सारी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, कुलपाची, डोंगराची, तहानेची. राजाने पाणी मागितले इथवर आला, पखालीच्या तोंडाला हात घातला आणि थांबला.

"पुढं?" मुलांनी विचारले.

"पुढचं मला ठाऊक नाही. ते चावडीच्या कपाटात आहे."

हे खरेच होते. पुढचे तिलाही ठाऊक नव्हते, आणि ते कळल्याशिवाय तिला चैन पडत नव्हते.

इनामदारांनी तिला चावडीवर बोलावले. ती सोंगातच गेली. सोंगाला हात लावायचा नाही, आणि दारी आलेल्या सोंगाला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, ही रीत इनामदारांच्या आजानेच घालून दिली होती. ती मोडली तर गावावर अरिष्ट येते अशी सगळ्यांची समजूत होती. इनामदार सगळ्या गावासमोर म्हणाले, "सोंगाला मी काही करणार नाही. पण ते आज ना उद्या उतरेल. मिशी धुतली की ही बाई आणि तिचा नवरा गावच्या हद्दीबाहेर."

"बरं," सगुणा म्हणाली, "मिशी धुतली की."

त्या दिवसापासून तिने सोंग उतरवले नाही. पागोटे बांधूनच ती झोपे, पखाल उशाला घेई. रोज वर्गात जाई, गोष्ट पहिल्यापासून सांगे आणि त्याच जागी थांबे. मुले घरी जाऊन आयांना सांगत, आया झऱ्यावर एकमेकींना सांगत, आणि कोणालाच पुढचे माहीत नसे. शेतात, पारावर, न्हाव्याच्या पुढ्यात, जिथे तिथे तोच प्रश्न. पाणी दिले की नाही दिले?

सोंगाला सोंगाचेच बोलणे बोलावे लागते. सगुणेच्या माहेराहून भाऊ आला. आई गेल्याचे सांगायला आला होता. "सगुणे," त्याने हाक मारली. इनामदारांचा माणूस समोरच बसलेला. ती आपल्या नावाला ओ देऊ शकली नाही. "सगुणा भेटली की सांगतो," ती पखाल्याच्या आवाजात म्हणाली, आणि भाऊ पाठमोरा झाल्यावर तशीच उभी राहिली. डोळ्यांतले पाणी तिने गळू दिले नाही, कारण मिशी काजळाची होती.

पण काजळ ते काजळ. घामाने उतरे, पुन्हा रेखावे लागे, आणि तो माणूस दाराशी बसून तिच्या ओठाकडेच पाही. तेव्हा सगुणा गावकुसापाशी उतरलेल्या हौसा गोंदारणीकडे गेली. हौसा घरोघर बायकांच्या कपाळावर, हातावर गोंदत असे.

"मिशी गोंद," सगुणा म्हणाली.

हौसेने सुया खाली ठेवल्या. "बाई, तुळस गोंदते, नवऱ्याचं नाव गोंदते. हे कसलं? हे जन्माचं असतं. सरणावर बरोबर जातं."

"जाऊ दे. काजळाच्या जिवावर किती दिवस भांडू?"

गोंदताना बाईचे दुखण्यावरून मन काढायला गोंदारीण गाणे म्हणते. हौसेला त्या दिवशी गाणे सुचेना, असे सांगतात. मग सगुणेनेच दातांवर दात ठेवून दौलतची गोष्ट सुरू केली, आणि ओठ हलतात म्हणून हौसा तिला रागावत राहिली. ओठ सुजले, ताप भरला. भिकाजी हळद लावत बसला आणि तिच्याकडे न पाहता एवढेच बोलला, "माझं एकही सोंग इतकं खरं झालं नाही."

ताप उतरला तेव्हा मिशी हिरवी झाली होती.

ती पुन्हा वर्गात दिसली, आणि इनामदारांनी चावडीपुढे गाव जमवले. सोंगाला हात लावता येत नव्हता, पण पाणी टाकायला कोणाची हरकत नव्हती. त्यांनी बारवेचे पाणी आणवले आणि घागरीवर घागर तिच्या डोक्यावर ओतवली. पागोटे भिजून सुटले, अंगरखा चिकटला. मिशी होती तशी राहिली. सगुणेने भिजल्या पदरासारखे पागोटे खांद्यावर टाकले आणि वर पाहिले.

"आता सोंग कधी उतरायचं ते तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "आणि सोंग दारी आलंय. दान द्या."

"काय पाहिजे? दाणे? लुगडं?"

"कपाटाची किल्ली."

बायांमधून एक म्हातारी म्हणाली, "द्या की. आमालाबी पुढचं ऐकायचंय." मागून दुसरी बोलली, तिसरी बोलली. इनामदारांनी कमरेची किल्ली काढली आणि धुळीत फेकली. उचलेल त्याची गाठ माझ्याशी आहे, असे त्यांच्या डोळ्यांत लिहिलेले होते. त्या वेळी केशव मास्तर गर्दीतून पुढे आले, वाकले आणि त्यांनी किल्ली उचलली. त्यांची नोकरी त्यापायी गेली. बारवेचे कुलूपही तेव्हा निघाले नाही. ते काढायला त्याच वर्गातली मुले मोठी व्हावी लागली.

पण पुस्तके बाहेर आली. चावडीच्या पायरीवर बसून मास्तरांनी पुढचे पान उघडले, आणि सारे गाव ऐकू लागले. पुस्तकात असे होते की दौलतने राजाला पाणी पाजले, पाण्याची चोरी केली म्हणून त्याच्या पाया पडून माफी मागितली, आणि राजाने प्रसन्न होऊन त्याला शेला दिला.

मास्तरांनी पुस्तक मिटले. सगुणेच्या अंगावरचे पाणी अजून वाळले नव्हते.

"मी पाया पडलो नाही," ती म्हणाली.

"सगुणाबाई, पुस्तकात तसं छापलंय," मास्तर हळूच म्हणाले.

"सगुणाबाईला काय विचारता? मी तिथं होतो. मी पखालीचं तोंड आवळलं आणि म्हणालो, आधी नदीचं कुलूप काढ, मग पाणी पी."

तेवढ्यात इनामदारांना प्रश्न विचारणारी तीच मुलगी उठली. "पण त्याला तहान लागली होती," ती म्हणाली. "तहानलेल्याला आधी पाणी द्यावं. कुलपाचं मग भांडावं."

सगुणा मुलीपुढे उकिडवी बसली आणि दोघी बोलू लागल्या. मग बाकीची मुले सरकत जवळ आली, मग बाया, मग गडी. दिवस मावळला तरी चावडीपुढचे भांडण संपले नाही, असे सांगतात.

सगुणेने पुढे पुष्कळ पात्रे घेतली. मुले जे पुस्तक उघडत नसत, त्यातले पात्र होऊन ती वर्गात शिरे. मिशी मात्र पुसता येण्यासारखी नव्हती, त्यामुळे तिच्या राण्यांनाही मिशी होती. ती गेल्यावर हे काम गावाने आपल्याकडे घेतले.

आजही सोंग वर्गात येते, गोष्ट अर्ध्यावर सोडते आणि पुस्तक मेजावर ठेवून निघून जाते. मुलांचे वाचून झाले की त्याला पुन्हा यावे लागते आणि उभे राहून जाब द्यावा लागतो. मागच्या खेपेला पोस्टातल्या कुमुदबाई राणी झाल्या होत्या. चौथीतल्या एका मुलीने त्यांना विचारले की धाकट्या मुलाला राज्य दिलेस, मग थोरलीला का नाही? कुमुदबाईंनी पुस्तकातले कारण सांगितले. मुलगी म्हणाली, हे वाचलंय, खरं कारण सांग. राणी अडखळली.

"मग विचार करून उद्या ये," मुलगी म्हणाली आणि खाली बसली.

राणी दुसऱ्या दिवशी आली.