पाहुण्यांची ओळ

एका राज्यात पावटा हेच सोनं होतं. राजाच्या ताटात पावट्याची उसळ, रंकाच्या ताटात पावट्याचं कालवण. तिथली एक जुनी रीत होती. शेताच्या कडेला चवळीची एक ओळ पेरायची आणि तिला कधी विळा लावायचा नाही. तिला म्हणत पाहुण्यांची ओळ. त्या चवळीवर माव्याची बारीक कीड बसे. माव्याच्या वासाने लाल ढालकिडे येत, बारीक कमरेच्या गांधिलमाश्या येत, कोळी येत. तिथे जेवून ते पावट्याची राखण करत.

पण राजा चंडकेतूला ही रीत खुपली. "माझ्या जमिनीत किड्यांच्या पंगती? जाळा ती ओळ," तो म्हणाला. राजाच तो, त्याला कोण सांगणार? ओळ जळली, पाहुणे जळले.

ओळीच्या टोकाशी एक जोगीण राहत असे. राखेतून चालत ती दरबारात आली. म्हणाली, "राजा, तू पाहुणे जाळलेस. तुझ्या लेकीचा जीव मी तिच्या खिडकीखालच्या वेलाला बांधला. वेल वाळेल तशी ती वाळेल. पाहुण्यांपैकी ढालकिणीचं एक पोर तुझ्या घरी वाढून उडेल, त्या दिवशी शाप सुटेल." एवढं बोलून ती धूर होऊन गेली.

मग मावा आला. खायला कुणी उरलं नव्हतं, त्याला रान मोकळं. वेलांवर काळे तीळ फासावेत तसा तो बसला. पानं मुडपली, चिकट झाली, त्यांच्यावर काजळी धरली. शेंगा फुगल्या, पण आत अळी. आणि राजकन्या शेवंतीची बोटं पानांसारखी मुडपू लागली. मोठी गोड पोर हो. दिवसभर खिडकीत बसून वेलाशी गप्पा मारायची. आता तिची जीभही जड झाली.

राणी हेमावती लेकीच्या उशाशी बसली. राजा मात्र वेड्यासारखा शेतात फिरू लागला. तिथे जळक्या खुंटावर कोतवाल पक्षी बसला होता. तो म्हणाला, "मीही पाहुणाच. पंख होते म्हणून वाचलो. राजा, माझ्यासारख्याच वाचलेल्या तीन पाहुण्यांना बोलावून आण. पायी जा, हात जोडून जा."

राजा आधी डोंगराच्या कपारीत गांधिलमाशीकडे गेला. ती म्हणाली, "जिवंत अळी हा माझ्या पोरांचा पाळणा. सगळे पाळणे मोडणार असशील तर मी येत नाही." राजा म्हणाला, "काही अळ्या राहू देईन." ती निघाली.

मग तो पडक्या विहिरीवर कोळ्याकडे गेला. कोळी म्हणाला, "माझ्या जाळ्याखालून वाकून जाशील?" राजाने मुकुट काढून काखेत मारला आणि तो गुडघ्यांवर रांगत गेला. कोळीही निघाला.

तिसरी ढालकीण. पाठीवर लाल ढाल, ढालीवर काळे ठिपके. ती राखेतच बसली होती.

"येते," ती म्हणाली. "पण माझी पोरं देखणी नसतात. काळी, काटेरी. तुझ्या राज्यात ती जगतील?"

"जगतील. माझं वचन," राजा म्हणाला.

ढालकिणीने शेवंतीच्या खिडकीखालच्या वेलावर पिवळी अंडी घातली आणि ती शेतांकडे उडाली. राजाने दवंडी पिटवली: पाठीवर लाल ढाल असेल त्याला कुणी मारू नये. पोरांचं सांगायचं मात्र राहिलं. मेली घाई, दुसरं काय. आणि गांधिलमाशीला नि कोळ्याला शेतं दाखवायला तो निघून गेला.

अंडी फुटली. काळी, काटेरी पोरं माव्यावर तुटून पडली. राणी खिडकीशी आली आणि शहारली. ही अवदसा लेकीच्या वेलावर? ढालकिणीच्या अंड्यांतून तर लाल ढालीची पोरं निघायची, मग ही कुठली? शेवंतीने मुडपलेला हात उचलला, घशातून काहीतरी आवाज काढला. राणीला वाटलं, लेक भ्याली. तिने ओलं फडकं घेतलं आणि एकेक पान निगुतीने पुसून काढलं. "घाबरू नकोस, बाळ," ती म्हणत होती. "आई आहे ना."

संध्याकाळी ढालकीण परतली. पानं पाहिली, फडकं पाहिलं.

"ती माझी होती," एवढंच म्हणाली.

राणीने फडकं उलगडून पाहिलं. दोघी आया समोरासमोर. ढालकिणीने एक पान उलटं केलं. त्याच्याखाली एक पोर चिकटून राहिलं होतं.

त्या दिवसापासून राणी वेलाशी बसली. वारा आला की पदर आडवा धरी, मुंग्या आल्या की बोटाने दूर सारी. जिला ती अवदसा म्हणाली, तिला आता 'खा गं बाई' म्हणू लागली. पण एक पोर खाऊन खाऊन खाणार किती? वेल वाळतच गेला.

पोर कोषात गेलं. ज्या पहाटे कोष उकलायचा होता, त्या पहाटे वेलाचं शेवटचं पान गळलं. शेवंतीने आईकडे पाहिलं. तिची जीभ घटकाभर सैल झाली होती.

"आई, मी तुला सांगत होते," ती म्हणाली. "ती माझा वेल साफ करत होती."

"कळलं गं," राणी म्हणाली. शेवंतीने डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत. खाली कोष उकलला आणि ओला, पिवळसर किडा बाहेर आला. ऊन चढलं तशी त्याची ढाल लाल झाली, ठिपके उमटले. मग तो उडाला.

शाप सुटला, पण घटकाभर उशिरा. पाहुणे कामाला लागले तसं राज्यभर वेलांनी अंग धरलं, शेंगा भरल्या, घराघरात उसळी शिजल्या. दवंडी पुन्हा पिटली, या वेळी पूर्ण. राजाच्या महालात त्या वर्षी पावटा शिजला नाही.

आता पाहुण्यांची ओळ राणी स्वतः पेरते. गावची मुलं जमली की ती त्यांना लाल ढालकिडा दाखवत नाही. तो कुणालाही आवडतो. ती पान उलटं करते आणि काळं, काटेरी पोर दाखवते. मुलं ई ई करत मागे सरतात. राणी त्यांचा हात धरते, त्यांच्या बोटावर ते पोर चढू देते आणि म्हणते, "हळू. कुणाचं तरी आहे."

वेल हिरवे राहिले, खिडकी रिकामी राहिली. ऐकणाऱ्याने पान पुसण्याआधी उलटून पाहावं.